शुक्रयानाची छत्री

मैनेचा नवरा तंत्रशाळेत मास्तर होता, तिथं त्याला सगळे शुक्राचार्य म्हणत, आणि तेही तोंडावर. श्रावण रागवत नसे. शुक्रावर उतरणारं यान घरामागच्या टिनाच्या छपरीत बनवणाऱ्या माणसानं असल्या गोष्टींवर रागवायचं ठरवलं, तर त्याला दुसरा उद्योगच उरायचा नाही. राग यायचा तो मैनेला. ती अकोल्यातल्या एका कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसमध्ये रेजा, म्हणजे मजूर बाई, होती. दिवसभर रुईच्या धुरळ्यात खोकून संध्याकाळी नळावर गेली, की वस्तीतल्या बाया विचारायच्या, "काय वं मैना, कदी चालली शुक्रावर? तिथं नळ हाये का नाई, तेवढं पाहून येजो." मग ती अर्धी भरलेली घागर तशीच उचलून घरी यायची आणि तो राग भाकरी थापताना काढायची.

हे वेड घरात शिरलं कसं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन परत आल्यावर श्रावणच्या बापानं घरातले देव टोपलीत भरले आणि मोर्णा नदीत सोडून दिले. कोनाड्यात बाबासाहेबांचा फोटो आला, बुद्धाची मूर्ती आली, तरी एका कडेला जागा रिकामी राहिली. दुसऱ्याच वर्षी रशियानं आभाळात आपला बनवलेला चंद्र सोडला. त्याचं पेपरातलं चित्र श्रावणनं कापलं आणि त्या जागी चिकटवलं.

"हा कोन्ता नवा देव आणला बा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"देव नाई, बाबा. आभाळातले देव तुमी काढून टाकले. आता तिथं जागा मोकळी झाली, तर कोनी तरी जाऊन पाह्यलं पायजे ना."

म्हातारा पोट धरून हसला होता. पुढे तो वारला, चित्र पिवळं पडलं, पण कोनाड्यातून हललं नाही.

रॉकेट बनवायच्या भानगडीत श्रावण कधी पडला नाही, एवढी अक्कल त्याला होती. "पाठवनारे पाठवतीन," तो मैनेला समजावून सांगायचा. समजावून सांगायला त्याला दुसरं होतंच कोण! "रशियावाले पाठवतीन, अमेरिकावाले पाठवतीन, उद्या आपलेही पाठवतीन. पन गेले ते शुक्राच्या बाजूनं निघून गेले. उतरलं कोनी काय? उतरवाचं काम मी करून राहिलो."

शुक्राला दाट हवा आहे, हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं. हवा आहे म्हणजे छत्री उघडेल. छत्री उघडली म्हणजे यान अलगद खाली येईल. एवढ्या तीन वाक्यांपायी त्यानं सहा वर्षं घातली. यान म्हणजे दिसायला दुधाच्या मोठ्या कॅनएवढं. खालचं नाक सागवानी लाकडाचं, लेथवर ओढून केलेलं. हवेत शिरताना ते जळेल, पण जळता जळता आतलं वाचवेल, असा त्याचा विचार. पोटात तापमापक आणि हवेचा दाब मोजायचं यंत्र. खाली टेकताच उघडणारे तीन पाय. आणि डोक्यावर छत्रीचा डबा. त्याचं झाकण एका गजराच्या घड्याळाच्या स्प्रिंगवर उघडायचं. झाकण उडालं की मलमलीची छत्री बाहेर. रिकाम्या डब्यावरून ते झाकण उडताना मैनेनं इतक्यांदा पाहिलं होतं, की तिला त्या 'खट्' आवाजाची सवय झाली होती. त्यांना लेकरू नव्हतं. घरात आवाज करणारं म्हणावं तर ते झाकणच.

एवढ्यात ज्याची वाट पाहायची हिंमतही श्रावणनं कधी केली नव्हती, ते झालं. केरळच्या किनाऱ्यावरून सरकारनं रॉकेट उडवायला सुरुवात केली होती, आणि तिथले एक मोठे इंजिनियर मेच्या अखेरीस अमरावतीला विज्ञान प्रदर्शनासाठी येणार होते. त्यांना हातानं काम करणारे, यंत्र घडवणारे लोक हवे होते. श्रावणनं त्यांना कळवलं, आणि उत्तर आलं, की जे केलं आहे ते चालवून दाखवा, पसंत पडलं तर घेऊन जाऊ. घोटाळा एवढाच होता, की वयाच्या अटीत श्रावण त्याच वर्षापुरता बसत होता. पुढच्या वर्षी त्याला कोणी दारात उभं केलं नसतं.

त्या दिवसापासून मैनेचा राग कुठल्या कुठे गेला. तिनं कोणाला सांगितलं नाही, पण नवऱ्याला एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिथं ज्वारी भेटते काय वो?" समुद्राकाठी रुईचा धुरळा नसतो, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिचा खोकला मागच्या सालापासून वाढतच चालला होता.

अडलं होतं ते छत्रीपाशी. यानाचं वजन जेवढं, त्या हिशेबानं छत्रीचं कापड. कापड जेवढं, त्या हिशेबानं डबा. डबा मोठा केला की वजन वाढे, वजन वाढलं की कापड वाढे, आणि पुन्हा डबा अपुरा. श्रावण या चक्रात घाण्याच्या बैलासारखा फिरत होता. शेवटी मैनाच म्हणाली, "इकडं द्या ते. आमी घरभर रुईची पलंगाएवढी गाठ करतो रोज. हे तर एक छत्री हाये."

श्रावणनं तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, असा त्याचा चेहरा झाला होता. त्यानं तिला कापडाच्या घड्या कशा घालायच्या ते दाखवलं, दोऱ्या कुठून घ्यायच्या ते दाखवलं, आणि कार्यक्रमाच्या ठिकाणाची व्यवस्था बघायला अमरावतीला गेला.

मैनेनं त्या दिवशी प्रेसमध्ये खाडा केला. सकाळपासून ती त्या छत्रीशी झटत होती. घडी घातली, डब्यात दाबली, वर पाटा ठेवला, पाट्यावर स्वतः बसली. उठली की कापड फुगून दोन बोटं वर यायचं. कोरी, खळ दिलेली मलमल ती, मेच्या उन्हात पापडासारखी वाळलेली. पुन्हा काढली, पुन्हा घडी घातली, पुन्हा दोन बोटं वर. दुपार कलली. तिचे हात भरून आले. रडू यायला लागलं. बाहेर कोणी पाहतंय का ते पाहून तिनं थोडं रडूनही घेतलं.

मग तिच्या हातांनी त्यांच्या सवयीचं केलं. प्रेसमध्ये उन्हाळ्यात रुई कोरडी पडली की दाबाखाली बसत नाही, फुगून वर येते. तेव्हा जमादार ओरडतो, "पानी मार!" आणि रेजा थरावर पाण्याचा हबका मारतात. रुई निमूट बसते, वरून लोखंडी पट्ट्या आवळल्या की गाठ तयार. मैनेनं तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि दर घडीवर एक हलका हबका मारला. पाटा ठेवला. बसली. कापड डब्याच्या काठाबरोबर खाली गेलं आणि तिथंच राहिलं. उन्हाळ्याचे दिवस, वाळून जाईल दोन घटकांत, असं ती मनाशी म्हणाली आणि झाकण लावून टाकलं.

श्रावण परत आला तेव्हा डबा बंद होता. त्यानं झाकणावर हात फिरवला. "बसलं?"

"बसलं."

कसं बसलं, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलंही असतं, तिच्या लेखी त्यात लपवायसारखं काहीच नव्हतं. पण तो इतका खूश झाला होता, की त्याच पावली त्यानं लाख वितळवली आणि झाकणाची फट चहूकडून बंद करून टाकली. आत हवा जायला नको, बाहेर यायला नको. अंतराळात हवा नसते ना, म्हणून.

कार्यक्रम चार दिवसांवर आला आणि दिल्लीत पंतप्रधान गेले. देशभर दुखवटा. प्रदर्शन पुढे ढकललं गेलं, ते एकदम जुलैच्या मध्यावर. जूनमध्ये पाऊस लागला. छपरीत ओल आली, भिंतींना पोपडे धरले. एकदा मैना म्हणाली, "उघडून पाहता काय एकदा? लय दिवस झाले."

श्रावण हसला. "शुक्रावर जाले चार मईने लागते. वाटंत कोन उघडून पाहीन? बंद राहून टायमावर उघडलं पायजे, तेच तर पाहाचं हाये."

त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

जुलैत दोघं पॅसेंजरनं निघाले. यान गोधडीत गुंडाळून मैनेच्या मांडीवर. समोरच्या बाकावरच्या माणसानं विचारलं, हे काय? श्रावण उत्साहानं "यान" म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, "दुधाची कॅन हाये, भाऊ." बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत श्रावण यावर हसत होता. इतकं हसताना तिनं त्याला लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

अमरावतीत बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याचं उंच धुराडं कार्यक्रमासाठी ठरवलं होतं. देवमन नावाचा धुराडी दुरुस्त करणारा मिस्त्री वर चढून बसला होता. दोरानं यान वर ओढायचं, घड्याळ चालू करायचं आणि सोडून द्यायचं. खाली मैदानात खुर्च्या, खुर्च्यांवर पाहुणे इंजिनियर साहेब, त्यांच्या शेजारी तंत्रशाळेचे मुख्याध्यापक, मागे शाळेतले मास्तर लोक. श्रावणच्या बरोबरीचा भगवंत, ज्यानं त्याला शुक्राचार्य हे नाव ठेवलं होतं, तोही आला होता. मैना बायांमध्ये उभी होती, हातात रिकामी गोधडी धरून.

यान वर गेलं. श्रावणनं हात हलवला. देवमननं सोडलं.

खट्. तो आवाज मैनेनं खालून ऐकला, की तिला ऐकल्यासारखं वाटलं, देव जाणे. झाकण उडालं, अगदी ठरल्या क्षणी. डब्यातून छत्री बाहेर आली, पण ती छत्री नव्हतीच. डब्याच्या आकाराचा एक काळपट गठ्ठा बाहेर पडला, दोरीला लटकला आणि यानाबरोबर सरळ खाली आला. एक घडी सुटली नाही. यान मैदानातल्या चिखलात आदळलं, सागवानी नाक उभं चिरलं आणि तापमापकाच्या काचा उडाल्या. तीन पायांपैकी एक तेवढा उघडला.

मग भगवंत म्हणाला, "पोचलं वाटते शुक्रावर," आणि खुर्च्यांमध्ये हशा पिकला.

साहेब मात्र हसले नाहीत. ते उठले, बूट चिखलात घालून यानापाशी गेले. गुडघ्यावर बसून त्यांनी झाकणाची स्प्रिंग पाहिली, पायांच्या बिजागऱ्या हलवून पाहिल्या, सागवानी नाकावरून बोट फिरवलं. मैनेला वाटलं, हा माणूस भला आहे. मग त्यांनी गठ्ठा उचलला, नखानं एक घडी सोडवू लागले. ती सुटेना. खळ ओली होऊन घडीला घडी चिकटली होती, वर बुरशीचे काळे ठिपके. त्यांनी वास घेतला.

"यंत्र तर नीट चाललं तुमचं," ते श्रावणला म्हणाले. "झाकण वेळेवर उघडलं. कापड आत ओलं होतं. ही घडी कोणी घातली?"

वास मैनेपर्यंत आला नव्हता, तरी तो तिच्या नाकात होता. पावसाळ्यात न उचललेल्या गाठीचा वास. तिला सगळं कळलं. आणि श्रावणनंही गठ्ठा हातात घेतला, वास घेतला, आणि मान वर करून सरळ तिच्याकडे पाहिलं. प्रेसमधल्या रेजेचा नवरा होता तो. त्यालाही कळलं.

"मीच घातली, साहेब," श्रावण म्हणाला.

"पाणी कसं गेलं आत?"

"पावसाचं गेलं असन. लाख कुठं तरी कच्ची राह्यली."

साहेबांनी लाख पाहिली. ती कुठंच कच्ची नव्हती. त्यांच्या कपाळावर एक आठी आली. मैनेला वाटलं, आता हा सगळा दोष श्रावणच्या हातांवर जाणार, त्या हातांच्या जोरावरच तर त्याला केरळला जायचं होतं. आपण खरं सांगितलं तर यानाचं काम बिनचूक ठरेल. ती बायांमधून पुढे आली. गोधडी हातातच होती.

"साहेब, घडी म्या घातली. ह्यायले ठाव बी नव्हतं. बसत नव्हतं म्हून म्या पान्याचा हबका मारला. आमी प्रेसात मारतो तसा. त्यायचा काई दोष नाई."

मुख्याध्यापक खो-खो हसले. "म्हणजे रुईची गाठ बांधलीत की हो! श्रावण मास्तर, बायकोच्या हातची गाठ पाठवत होतात शुक्रावर? तरी मी म्हणत होतो, या लोकांना एवढ्या मोठ्या कामात..." पुढचं त्यांनी गिळलं. गिळलं तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

साहेबांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ते श्रावणकडेच पाहत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"वास घेतला तवा समजलं."

"आणि तरी पाऊस म्हणालात."

श्रावणनं गठ्ठा खाली चिखलात ठेवला.

"हे पाहा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "पाण्याची चूक मी धरली नसती. आमच्याही छत्र्या उघडत नाहीत, आमचीही रॉकेटं समुद्रात पडतात. पण पडलं की आम्ही एकच गोष्ट विचारतो, का पडलं? त्याचं खरं उत्तर मिळालं तरच पुढचं उडतं. चूक चालते. चुकीचं कारण लपवलेलं आमच्याकडे चालत नाही. मला वाईट वाटतं."

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, तेवढं मैनेला दिसलं. त्याचा उपयोग काही नव्हता. तिला वाचवायला तो खोटं बोलला, त्याला वाचवायला ती खरं बोलली, आणि दोघांनी मिळून ते दार बंद करून टाकलं, चहूकडून लाख लावल्यासारखं.

परतीच्या गाडीत श्रावण खिडकीबाहेर पाहत बसला. तो तिला एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. घरी आल्यावर त्यानं यानाचे तुकडे छपरीत टाकले आणि छपरीला कडी घातली. कोनाड्यातलं पिवळं चित्र काढलं नाही, पण त्याच्याकडे पाहायचं सोडलं. तंत्रशाळेत आता त्याला शुक्राचार्य कोणी म्हणत नसे. भगवंतसुद्धा त्याला 'मास्तर' म्हणू लागला, आणि चिडवण्यापेक्षा ते वाईट होतं. मैनेनं छत्रीचं कापड मोर्णेवर नेऊन धुतलं. घड्या सुटल्या, काळे ठिपके गेले नाहीत. तो जेवायला बसे, अर्धी भाकरी खाई, उठून जाई. असे महिने गेले.

कार्तिकात प्रेस पुन्हा सुरू झाली. एका पहाटे मैना कामावर निघायला पदर खोचत होती, तर श्रावण जागा होऊन भिंतीपाशी बसला होता. समोर जमिनीवर खडूनं डब्याची आकृती काढलेली.

"मैना," तो म्हणाला, "एक सांग. पानी नसतं मारलं, तर बसलं असतं काय?"

तिचा हात पदराशीच थांबला. ती दुपार तिच्यासमोर उभी राहिली. पाट्यावरून उठलं की दोन बोटं वर, पुन्हा दोन बोटं वर. दिवसभर बसली असती तरी ते कापड त्या डब्यात कोरडं गेलं नसतं. डबाच लहान होता. सहा वर्षांचा हिशेब मुळातच चुकला होता, आणि त्या घरात हे ठाऊक असलेलं माणूस ती एकटीच होती. साहेबाचं बोलणं तिला आठवलं. खरं कारण कळलं तरच पुढचं उडतं म्हणे. पण इथं पुढचं कुठं काय उडणार होतं? याचं वय उलटत आलं होतं. छपरीला कडी होती. त्याच्याजवळ उरलं होतं ते एवढंच, की आपण केलं ते बरोबर केलं होतं.

"बसलं असतं," ती म्हणाली. "म्या दम नाई धरला. घाई केली."

"डबा बरोबर होता?"

"बरोबर होता."

श्रावणनं खडूच्या आकृतीवरून बोट फिरवलं. मग त्यानं मान वर केली. त्या नजरेत जुलैपासून साठलेलं सारं होतं.

"मंग तुयाच्यानं गेलं, मैना," तो म्हणाला. "मायं सारं तुयाच्यानं गेलं."

"हो," ती म्हणाली.

तो उठला. चुलीजवळ तिनं झाकून ठेवलेली भाकरी त्यानं ओढून घेतली आणि सगळी खाल्ली. तिनं ते दारातून पाहिलं. छातीत खोकला उसळला, तो तिनं बाहेर गल्लीत जाऊन मोकळा केला.

प्रेसच्या धुराड्यावर, पूर्वेला, शुक्र लखलखत होता. उन्हाळ्यात तो मावळतीला दिसायचा, तेव्हा श्रावण तिला हाक मारून दाखवायचा. आता तो पहाटेचा झाला होता. घरी परत जाऊन सांगावं असं तिला वाटलं नाही. ती फाटकातून आत गेली. पहिल्या गाठीची रुई भरून तयार होती, कोरडी, फुगलेली. जमादार ओरडला, "पानी मार!"

मैनेनं डबडं उचललं, हबका मारला, आणि रुई बसली.